टनामागचा रुपया : मांजरीच्या ऊस संस्थेची पन्नास वर्षे आणि वसंतदादा

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघाले की हडपसर मागे पडते आणि थोड्या वेळाने मांजरी बुद्रुक लागते. इथेच १९७५ साली उसाच्या अभ्यासासाठी एक संस्था सुरू झाली. तेव्हा तिचे नाव डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट होते. आज ती वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते आणि ऊसपट्ट्यात नुसते 'व्हीएसआय' म्हटले तरी काम भागते. देशात शेतीसंशोधनाच्या संस्था पुष्कळ आहेत. बहुतेक सरकारने काढल्या, काही विद्यापीठांच्या पोटी जन्मल्या. ही संस्था सहकारी साखर कारखान्यांच्या ऊस उत्पादक सभासदांनी आपल्या पैशातून उभी केली. गाळपाच्या दर टनामागे ठरावीक रक्कम कारखान्याने संस्थेला द्यायची, अशी ती व्यवस्था. आज ही रक्कम टनामागे एक रुपया आहे. संस्थेचा पन्नास वर्षांचा इतिहास या रुपयाच्या हिशेबाने वाचावा असे मला वाटते, आणि ज्यांचे नाव संस्थेला आहे त्या माणसाचे आयुष्यही याच वाटेने चांगले उलगडते.

वसंतराव बंडूजी पाटील, म्हणजेच वसंतदादा, यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ चा. गाव सांगलीजवळचे, कृष्णाकाठचे पद्माळे. मूल वर्षभराचे होते न होते तोच आईवडील दोघेही साथीच्या रोगात गेले आणि आजीने त्याला वाढवले. घर शेतकऱ्याचे. शाळा सातवीच्या आसपास सुटली. ती सुटायला शेती कारण होती तशीच चळवळही होती. १९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत झाले, पुढे पकडले गेले आणि सांगलीच्या गणेशदुर्गातील तुरुंगात आले. २४ जुलै १९४३ रोजी त्यांनी साथीदारांसह पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावून तट ओलांडला. पाठलाग झाला, गोळीबार झाला. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हुतात्मा झाले. दादांच्या खांद्याला गोळी लागली आणि ते पुन्हा पकडले गेले. सुटका झाली ती १९४६ साली. सांगलीकरांना ही कथा पाठ आहे, म्हणून इथे ती लांबवत नाही. मात्र एक गोष्ट नोंदवली पाहिजे. तुरुंगातून बाहेर पडलेल्या त्या पिढीतल्या बऱ्याच जणांची उमेद पुढे सभा-भाषणांत खर्ची पडली. दादांनी ती सोसायटीच्या कामात घातली.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते सांगलीतून मुंबई राज्याच्या विधानसभेवर निवडून आले. पुढच्या निवडणुकांतही सांगलीने त्यांना पाठवले. आमदार म्हणजे मुंबईत आपल्या भागाचे गाऱ्हाणे मांडणारा माणूस, अशी तेव्हाची साधारण समजूत होती. दादांनी आमदारकी वापरली ती सांगलीत संस्था उभारायला. मतदारसंघ हळदीचा, गुळाचा आणि नव्याने उसाचा होता. गुळाचा भाव बाजारपेठेत अडत्याच्या हातात. ऊस पिकवणाऱ्याने स्वतः साखर केल्याशिवाय दोन पैसे हाती लागायचे नाहीत, हे प्रवरेच्या कारखान्याने दाखवून दिले होते. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या खटपटीतून १९५० च्या अखेरीस लोणीला हा पहिला सहकारी कारखाना गाळपाला लागला. त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांतून लोक शेअर गोळा करत फिरू लागले. सांगलीत हे काम दादांनी अंगावर घेतले. बैठका, शेअरची वर्गणी, सरकारी भागभांडवल, परवाना, यंत्रसामग्री, या सगळ्यातून त्या दशकाच्या उत्तरार्धात सांगलीचा शेतकरी सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे वाढत वाढत देशातल्या मोठ्या कारखान्यांत जाऊन बसला.

खरी अडचण कारखाने उभे राहिल्यानंतरची होती. कारखाना म्हणजे बॉयलर, मिल, पॅन, सेंट्रिफ्यूगल. ते चालवणारी माणसे कुठून आणायची? साखर तंत्रज्ञान शिकायचे तर मुलाला कानपूरला धाडावे लागे. तिथली राष्ट्रीय शर्करा संस्था १९३६ ची, मोठ्या नावाची. पण तिच्या अनुभवाचा गाभा गंगेच्या खोऱ्यातला. उत्तरेतला ऊस वेगळा, हंगाम वेगळा, थंडी वेगळी. आपल्याकडे आडसाली ऊस जून ते ऑगस्टमध्ये लागतो आणि सोळा-अठरा महिने रानात उभा राहतो. हा प्रकारच उत्तरेत नाही. पुण्यात दख्खनच्या साखर तंत्रज्ञांची संघटना तीसच्या दशकापासून काम करत होती. पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र होते आणि ते सरकारच्या चौकटीत उत्तम काम करत होते. पण रानातला ऊस आणि कारखान्यातली साखर यांचा एकत्र विचार करणारे, शिवाय कारखान्यांच्या मालकीचे असे ठिकाण नव्हते.

हे दोन विचार एकत्र का हवेत, याचा एक हिशेब मांडतो. पाच लाख टन गाळणारा कारखाना घ्या. उतारा ११ टक्के असेल तर टनामागे ११० किलो साखर निघते. उतारा साडेअकरा झाला तर ११५ किलो. अर्धा टक्का ऐकायला काहीच नाही, पण हंगामाअखेर ती २,५०० टन साखर होते, म्हणजे २५,००० क्विंटल. ऊस तेवढाच, तोडणी-वाहतूक तेवढीच, मजुरी तेवढीच. हा अर्धा टक्का कधी चांगल्या जातीतून येतो, कधी वेळेवर तोडणीतून, तर कधी मिलमध्ये चोथ्याबरोबर वाया जाणारी साखर रोखून. पुस्तकी शिक्षण कमी असलेल्या सभासदालाही हा हिशेब चटकन समजतो, कारण त्याचे बिल त्यावर ठरते. दादांच्या पिढीतल्या सहकारी नेत्यांना हे मुळापासून ठाऊक होते. ते स्वतः ऊस लावणारे होते. पहिली वीस वर्षे कारखाने उत्साहावर चालले. पुढची वीस चालायची तर शास्त्र लागेल आणि ते शास्त्र उसानेच पोसले पाहिजे, हा डेक्कन शुगर इन्स्टिट्यूटमागचा विचार. तो पुढे नेणाऱ्यांत दादा अग्रभागी होते.

१९७५ साल दादांच्या राजकारणात सोपे नव्हते. १९७२ मध्ये वसंतराव नाईकांच्या मंत्रिमंडळात ते पाटबंधारे मंत्री झाले होते. त्याआधी प्रदेश काँग्रेसचे अध्यक्षपद सांभाळले होते. १९७५ मध्ये शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले आणि वर्षभरात दादा मंत्रिमंडळाबाहेर गेले. राजकारणातून निवृत्त होण्याची भाषाही त्यांनी केली. पण १९७७ ने सगळेच पालटले. लोकसभेतल्या पराभवानंतर काँग्रेस सावरायची होती आणि दादा मुख्यमंत्री झाले. जुलै १९७८ मध्ये शरद पवार बाहेर पडले, सरकार कोसळले आणि सदतीस वर्षांचे पवार मुख्यमंत्री झाले. ती जखम दादांच्या मनात किती खोल गेली हे महाराष्ट्राने पाहिले आहे. एरवी गौरवग्रंथात ही जागा दोन ओळींत उरकतात. मला ती महत्त्वाची वाटते, कारण दादांच्या नावाच्या या संस्थेची धुरा पुढे दीर्घकाळ त्याच शरद पवारांनी अध्यक्ष म्हणून वाहिली. राजकारणात एकमेकांसमोर उभी राहिलेली माणसे उसाच्या प्रश्नावर एका टेबलाशी बसू शकतात, ही जुन्या सहकाराची खरी ताकद होती. आज ती पुष्कळ कमी झाली आहे, असे माझे मत आहे.

फेब्रुवारी १९८३ मध्ये दादा पुन्हा मुख्यमंत्री झाले. याच कारकिर्दीत विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्या धोरणाची फळे गोड किती आणि कडू किती, यावर चाळीस वर्षे वाद चालू आहे. प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समितीही याच काळात नेमली गेली. पश्चिम महाराष्ट्रातल्या नेत्याने आपल्याच भागाला अडचणीचे ठरू शकेल असे मोजमाप करून घ्यावे, ही छोटी गोष्ट नव्हे. जून १९८५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुढे राजस्थानचे राज्यपाल झाले. १ मार्च १९८९ रोजी त्यांचे निधन झाले आणि मांजरीच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

आता रानात जाऊ.

आपल्याकडचा शेतकरी उसाच्या जातीला क्रमांकाने हाक मारतो. ४१९, ७४०, ६७१, ८६०३२, २६५. पाडेगावने दिलेल्या को ७४० ने महाराष्ट्रात दीर्घकाळ राज्य केले. टनेज भरपूर, खोडवा चांगला. पण ती उशिरा पक्व होणारी जात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गाळप सुरू झाले की पहिले काही आठवडे उतारा मिळायचा नाही आणि कारखाना पाण्यासारखा रस उकळत बसायचा. ऐंशीच्या दशकात कोसी ६७१ आला आणि चित्र पालटले. कोइमतूरचा संकर, निवड तामिळनाडूतल्या कडलूरची. महाराष्ट्रात तो 'वसंत १' या नावानेही ओळखला गेला. लवकर पक्व होणारा आणि साखरेने भरलेला. हंगामाच्या सुरुवातीचा उतारा वाढला आणि गळीत अलीकडे आणता आले. पण याच उसाला लाल कूज रोग लवकर लागतो, आणि त्याला रानही कसदार लागते. भारी जमिनीवाल्याने तो लावला, हलक्या रानातल्याने हात आखडता घेतला. कारखान्याला साखर हवी, शेतकऱ्याला वजन. ही ओढाताण प्रत्येक नव्या जातीबरोबर नव्याने होते. २६५ च्या वेळीही तीच झाली. उसाचा भाव वजनावर मिळतो तोवर ती मिटणार नाही.

६७१ चा वारसा को ८६०३२ मध्ये आला. को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या संकरातून निघालेली ही जात १९९६ साली महाराष्ट्रात 'नीरा' म्हणून प्रसारित झाली आणि तिने बहुतेक पट्टा व्यापला. या जाती कोइमतूरच्या आणि पाडेगावच्या, मांजरीच्या नव्हेत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. मांजरीचे काम त्यांच्या बेण्यात होते. जात कितीही चांगली असली तरी शेतकरी वर्षानुवर्षे शेजाऱ्याच्या रानातली टिपरी लावत राहिला की ती खालावते. काणी येते, गवताळ वाढ येते, फुटवे कमी होतात. म्हणून मूलभूत, पायाभूत आणि प्रमाणित असे तीन टप्प्यांचे बेणे. ५४ अंश सेल्सिअसला अडीच तास उष्ण बाष्प हवेची प्रक्रिया, मग कारखान्याच्या बेणे मळ्यात वाढ, मग सभासदाच्या रानात. उती संवर्धनाची प्रयोगशाळा आली आणि निरोगी रोपे मोठ्या संख्येने मिळू लागली. बाहेरच्या माणसाला हे काम कंटाळवाणे वाटेल. उसात पैसा याच कंटाळवाण्या कामातून होतो.

स्वतःच्या जाती काढायच्या तर तुरा हवा. शेतकऱ्याला तुरा म्हणजे संकट, तुरा आला की वाढ थांबते आणि ऊस पोकळ पडू लागतो. पैदासकाराला मात्र तुऱ्याशिवाय संकरच करता येत नाही. महाराष्ट्राच्या पठारावर उसाला धड बी धरत नाही, म्हणून संकरासाठी कोइमतूरकडे पाहावे लागे. सिंधुदुर्गात, सावंतवाडी तालुक्यातल्या आंबोली घाटमाथ्यावर दमट हवेत ऊस भरघोस फुलतो. संस्थेने तिथे ऊस प्रजनन केंद्र काढले. तिथे दोन जातींच्या तुऱ्यांचा संकर करायचा, कापसासारख्या तुसातले बारीक बी पेरायचे, हजारो रोपांतून मूठभर निवडायची आणि ती वेगवेगळ्या मातीत वर्षानुवर्षे तपासायची. एक जात शेतकऱ्याच्या हाती पडायला दहा-बारा वर्षे सहज लागतात. कोव्हीएसआय ९८०५, कोव्हीएसआय ०३१०२, व्हीएसआय ०८००५ ही या वाटेने आलेली संस्थेची नावे. यांपैकी ०३१०२ ही जात शेतकऱ्यांत '४३४' म्हणून ओळखली जाते. ८६०३२ ला गादीवरून उतरवील अशी जात अजून यायची आहे.

लोकरी मावा कुणी विसरलेले नाही. २००२ च्या पावसाळ्यात दक्षिण महाराष्ट्रात उसाच्या पानांखाली पांढरा थर दिसू लागला आणि बघता बघता मळेच्या मळे काळवंडले. दहा-बारा फूट वाढलेल्या उसात पंप पाठीवर घेऊन शिरायचे कसे? फवारणी करूनही तो परत येत होता. त्यातच दुष्काळ आला आणि पुढच्या हंगामात राज्याचे साखर उत्पादन कोसळले. शेवटी उपयोगी पडले ते मित्रकीटक. डिफा आणि मायक्रोमस यांच्या अळ्या मावा फस्त करतात. कृषी विद्यापीठे, संशोधन संस्था आणि कारखाने यांनी ते वाढवून मळ्यांत सोडले, आणि मांजरीच्या प्रयोगशाळेचाही या कामात हात होता. शेतकऱ्यांनी मित्रकीटक असलेली पाने एका रानातून दुसऱ्या रानात नेऊन बांधली. औषधाच्या दुकानावर रांग लावणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला किडीला कीड खाते हे त्या दोन वर्षांत शिकावे लागले. शिकवणारी यंत्रणा तेव्हा जाग्यावर होती, हे त्या टनामागच्या पैशाचे श्रेय.

कारखान्याच्या बाजूचे काम थोडक्यात सांगतो. साखर तंत्रज्ञान, साखर अभियांत्रिकी आणि अल्कोहोल तंत्रज्ञान यांचे अभ्यासक्रम इथे चालतात. कानपूरला न जाता शिकलेले चीफ केमिस्ट, चीफ इंजिनिअर आज राज्यभर आहेत, परराज्यांतही आहेत. मळीपासून अल्कोहोल, चोथ्यापासून वीज आणि अलीकडे इथेनॉल, या प्रत्येक वळणावर कारखान्यांनी मांजरीचा सल्ला घेतला. दरवर्षी उत्तम कारखान्यांना पारितोषिके आणि विक्रमी उत्पादन घेणाऱ्या शेतकऱ्यांना 'ऊसभूषण' पुरस्कार दिले जातात. शेतकऱ्यांसाठी 'ज्ञानयाग' आणि महिला शेतकऱ्यांसाठी 'ज्ञानलक्ष्मी' ही प्रशिक्षण शिबिरे भरतात. कारखाने सभासदांना मांजरीला पाठवतात आणि माती परीक्षणापासून पाचट कुजवण्यापर्यंत सगळे रानात उभे राहून दाखवले जाते.

गौरवाचा भाग झाला. आता दोन अडचणीच्या गोष्टी.

पहिली पाण्याची. राज्याच्या पिकाखालच्या जमिनीत ऊस अगदी थोडा, पण सिंचनाच्या पाण्यात त्याचा वाटा फार मोठा. ठिबक, पाचटाचे आच्छादन, एक आड एक सरी, हे सगळे संस्था कधीपासून सांगते आहे. तरीही पाटाला पाणी आले की रान तुडुंब भरायची सवय जात नाही. त्याचा दंड कृष्णाकाठच्या गावांनी भरला आहे. मिरज, वाळवा, पलूस, शिरोळ या तालुक्यांत हजारो एकर काळी जमीन क्षारपड झाली. ज्या रानात ऊस मावत नव्हता तिथे आज मीठ फुटते. पद्माळे याच कृष्णेच्या काठावर आहे. पाटबंधारे मंत्री म्हणून दादांनी पाणी आणण्यासाठी जिवाचे रान केले. आलेले पाणी मोजून वापरायला शिकवणे हे पुढच्या पिढीचे काम होते आणि त्यात आपण कमी पडलो. सच्छिद्र पाइप घालून निचरा केला की अशी जमीन सुधारते, पण खर्च एकट्याच्या आवाक्यातला नाही. तिथे पुन्हा सहकारच हवा.

दुसरी खुद्द कारखान्यांची. दादांनी उभा केलेला सांगलीचा कारखाना, ज्याला आज त्यांचेच नाव आहे, कर्जात बुडाला आणि भाडेतत्त्वावर दुसऱ्याच्या हाती गेला. राज्यात असे आणखी कारखाने आहेत. काही विकले गेले, काही गंजत पडले. पैदास केंद्र, प्रयोगशाळा, अभ्यासक्रम हे सगळे ठीक असताना कारखाने का बुडाले? कारण मांजरीला उतारा तपासता येतो, संचालक मंडळाचा कारभार तपासता येत नाही. तो तपासायचा अधिकार सभासदाचा. आणि सभासदाने वार्षिक सभेला जाणे सोडले, गेला तरी 'मंजूर, मंजूर' म्हणून चहा घेऊन परतू लागला.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने ऊस उत्पादक सभासदांना एक विनंती. येत्या वार्षिक सभेत आपल्या कारखान्याच्या संचालकांना तीन प्रश्न विचारा. गेल्या हंगामात आपल्या गाळपावर मांजरीला किती रुपये गेले? त्या बदल्यात किती सभासद प्रशिक्षणाला पाठवले? आणि आपल्या बेणे मळ्यात या वर्षी कोणत्या जातीचे, कोणत्या टप्प्याचे बेणे किती एकरांवर आहे? उत्तरे लेखी मागा. हा रुपया तुमच्या उसाच्या बिलातला आहे.